ये की गं मने

तेहतीस वर्षं मी वर्गात हजेरी घेतली. शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून डुलकी काढणारा गडीसुद्धा नाव आलं की डोळे न उघडता 'हजर सर' म्हणायचा. कधीकधी शेजाऱ्याच्या नावालाही म्हणायचा, पण म्हणायचा. त्यामुळं निवृत्तीनंतर घरात मांजर आलं तेव्हा त्याला हाक मारणं हा काही प्रश्न होऊन बसेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मांजर पुरानं आणलं. २०१९ चा ऑगस्ट. त्या आठवड्यात कोल्हापुरात माणसं भेटल्यावर 'जेवलासा का' असं विचारत नव्हती, 'राजाराम बंधारा किती फुटांवर?' असं विचारत होती. धोक्याची पातळी ४३ फूट. पंचगंगेनं ती कधीच मागं टाकून पन्नाशी ओलांडली होती. आमची मंगळवार पेठ उंचावर, म्हणून वाचली. पण खालच्या भागातून ज्याला ज्याला पाय होते ते सगळं वर येत होतं. एका तिन्हीसांजेला जिन्याखाली, सायकलीच्या मागं, दोन पिवळे डोळे दिसले. 'भिजलेल्या मांजरासारखा' याचा वाक्यात उपयोग करा, असं मी वर्षानुवर्षं प्रश्नपत्रिकेत घालत आलो. तो उपयोग आता समोर बसून थरथरत होता.

पाठीवर करडे पट्टे, पोटाला पांढरं, आणि अंगात हाडांपलीकडं काही नाही. सौ.नं जुन्या लुगड्याच्या धडप्यानं पुसलं आणि नाव ठेवलं मनी. ठेवलं म्हणजे काय, ते आधीच ठेवलेलं असतं. मराठी माणूस पोरीचं नाव ठेवायला बारा दिवस घेतो, सतरा आत्यांना फोन करतो. मांजराला मात्र एका सेकंदात मनी. बोका असला तर मन्या. पंचांग नाही, पाळणा नाही, कानात कुर्र नाही.

पंचाईत झाली ती चौथ्या दिवशी. समोरच्या घरात नवी सून आली होती, आणि तिला माहेरी लाडानं मनी म्हणतात हे मला कोण सांगणार? मी संध्याकाळी दारात उभा राहून, तेहतीस वर्षांच्या सरावाच्या आवाजात हाळी दिली, "मनेऽऽ! ये की गं, दूध पिऊन जा!" समोरची खिडकी उघडली. तीत सूनबाई नव्हत्या, सासूबाई होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. खिडकी फक्त पुन्हा लागली, पण ती लागण्याची जी पद्धत होती, तिच्यापुढं शिक्षणाधिकाऱ्यांचं कारणे दाखवा पत्र बरं.

तेव्हापासून मला नाव नसलेली हाक हवी होती. असा नुसता आवाज, जो फक्त मांजराला कळेल आणि गल्लीत कुणाचा गैरसमज होणार नाही.

शिवाय दुसरीही अडचण होती. ही बाई पूरग्रस्त. म्हणजे तिचं आधी कुठंतरी घर होतं, आणि त्या घरात तिला काहीतरी म्हणत असणार. वर्षाच्या मध्येच बदलून आलेल्या पोरासारखी तिची गत. दाखला नाही, जन्मतारीख नाही, आधीच्या शाळेत पटावर काय नाव होतं ते माहीत नाही. 'मनी' म्हटल्यावर ती बघायची ते आपल्यामागं दुसरं कुणी उभं आहे का, अशा नजरेनं.

जनावरांना हाकारण्याच्या बाबतीत मराठी ही काही गरीब भाषा नव्हे. कुत्र्याला 'यू यू' करून बोलवावं, 'छू' करून अंगावर सोडावं आणि 'हाड' म्हणून घालवावं, अशी जाण्यायेण्याची सगळी सोय आहे. बैलाला थांबवायला 'होऽ होऽ' आहे. कावळ्याला तर आपण पिंडाशी उभं राहून इतक्या आर्जवानं 'काव काव' करतो की ज्याच्यासाठी चाललंय त्या म्हाताऱ्याला जिवंतपणी इतक्या गोडीनं कुणी जेवायला बोलावलं नसेल. मांजराला घालवायचा शब्दही पक्का आहे, 'शुक् शुक्'. बोलवायचं म्हटलं की मात्र आपण चाचपडायला लागतो. 'माऊ माऊ' म्हणतो, 'पुस् पुस्' म्हणतो, ओठांचा चंबू करून 'पुच् पुच्' करतो, आणि शेवटी कंटाळून 'ये ये'वर येतो.

त्यातही हा 'शुक् शुक्' मोठा चमत्कारिक. महाद्वार रोडला संध्याकाळच्या गर्दीत कुणी बारीक 'शुक् शुक्' केलं तर दहा माणसं मागं वळतील, आपल्यालाच बोलावलं म्हणून. त्याच आवाजाला मांजर मात्र कठड्यावरून खाली उडी टाकतं. एकच आवाज माणसाला बोलावणं आणि मांजराला हाकलणं. कुठल्या शहाण्यानं ही वाटणी केली देव जाणे, पण त्याला माणसांचा कंटाळा आलेला नसावा एवढं नक्की.

कोल्हापूरची म्हणून एक हाक आहे. ती लांबून मारायची हाक आहे. रंकाळ्याच्या या कट्ट्यावरून त्या कट्ट्याला 'आरंऽ ए मर्दाऽ' अशी मारली तर मधल्या पाण्यालाही आपल्याला बोलावल्यासारखं वाटावं. पण त्या हाकेच्या शेपटाला आम्ही जो 'की' लावतो, तो बाहेरच्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. नुसतं 'ये' म्हणजे हुकूम. 'ये ना' म्हणजे पुणं. 'ये की' मध्ये मात्र निम्मं भांडण आणि निम्मी माया असते. 'बस की', 'जेव की', 'घे की आणि एक भाकरी'. समोरच्यानं नाही म्हटलेलं आहे हे गृहीत धरूनच तो 'की' येतो. मला वाटतं, मांजराशी बोलायला सगळ्या मराठीत याहून नेमकं अव्यय नसेल. मांजरानंही नाही म्हटलेलंच असतं.

आणि याच शहरात मी एकदा सकाळी तालमीतून बाहेर पडलेला एक पैलवान पाहिला. कान मोडून पार गोळा झालेले, मान नाहीच, खांद्यावरून थेट डोकं. तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता आणि गटारीच्या फरशीखाली तोंड घालून, चिमणीच्या आवाजात म्हणत होता, "माऊ... ए माऊली... भ्यायचं न्हाई, ये की बाळा." मला बघून तो उठला, लांग सारखी केल्यासारखं उगीच विजारीला हात लावला आणि जाड आवाजात म्हणाला, "पिल्लू अडकलंय ओ सर." मांजराला हाक मारताना माणूस सापडला की तो असाच चोरी पकडल्यासारखा दिसतो. वरिष्ठाला नमस्कार करताना कुणी इतका नरम होत नाही.

तर, मला हाक शोधायची होती. मुलगा जर्मनीत, श्टुटगार्टच्या बाजूला नोकरीला. सुनेनंही तिथं एक मांजर पाळलंय. त्या मांजराला पासपोर्ट आहे. खोटं सांगत नाही, निळं पुस्तक, आत लसींच्या नोंदी आणि कातडीखाली बसवलेल्या चिपचा नंबर. आमच्या मनीचं इथं रेशनकार्डात नाव नाही. तर मी मुलाला विचारलं, तिकडं काय म्हणून बोलावता? तो म्हणाला, "मीत्स, मीत्स." मी म्हटलं, अरे हे तर मनीच्या मावसबहिणीचं नाव वाटतंय. मग त्याला गृहपाठ दिला. त्याच्या कचेरीत नाना देशांची माणसं. प्रत्येकाकडून त्याच्या घरची मांजराची हाक रेकॉर्ड करून पाठवायची. त्याला वाटलं बाबांना निवृत्ती मानवली नाही. पण पोरगं आज्ञाधारक. आठवड्याभरात माझ्या व्हॉट्सॲपवर जगातल्या मांजरांचं संमेलन भरलं.

रशियन गृहस्थ 'किस् किस् किस्' म्हणाला. हे मी मोठ्या आवाजात लावलं तेव्हा सौ. आतून बाहेर येऊन माझ्याकडं बघून गेली. पोलंडची मुलगी 'किची किची' म्हणाली. तुर्की माणूस 'पिसी पिसी', इराणी 'पीश् पीश्', अरबी बोलणारा 'बिस् बिस्'. डच बाई 'पूस पूस', इटालियन 'मीचो मीचो', फ्रेंच 'मिनू मिनू', चिनी पोरगा नुसतं 'मी मी मी'. हंगेरीचा माणूस सगळ्यांत वाकबगार निघाला. त्यांच्याकडं बोलवायला 'त्सिट्स त्सिट्स' आणि घालवायला 'शिट्स'. मला त्या देशातल्या मांजरांची कीव आली. जिभेचं टोक जरा इकडचं तिकडं झालं की जेवणाचं आमंत्रण जाऊन तिथं हद्दपारी! आमच्या 'शुक् शुक्'च्या घोटाळ्याला परदेशात एक भाऊ सापडला याचा आनंदही झाला.

आणि कोरियाची एक मुलगी म्हणाली, आमच्याकडं जुनी माणसं कुठल्याही मांजराला 'नाबी-या' म्हणून हाक मारतात. नाबी म्हणजे फुलपाखरू. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. आपण मांजराला वाघाची मावशी म्हणतो, म्हणजे नात्यागोत्यातच अडकवतो. त्यांनी फुलपाखरू म्हटलं. न सांगता येणारं, न सांगता जाणारं, बसलं तर आपलं नशीब. त्या एका शब्दासाठी मला कोरियाबद्दल कायमचा आदर वाटायला लागला.

माझा एक उर्दू शिकवणारा मित्र आहे, तो चहाला आला असताना हे सगळं त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "सर, तुम्ही मांजराचं नाव शोधताय. पैगंबरांच्या एका सहकाऱ्याला तर मांजरीवरून नाव पडलं. अबू हुरैरा. म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा बाप." त्यांनी सांगितलेल्या आठवणी आजही जगभर सांगितल्या जातात, आणि दर वेळी सांगणारा 'पिल्लाच्या बापाकडून ऐकलं' असंच म्हणत असतो. आमच्या गल्लीत माझी ओळख आता 'मनीवाले सर' अशी झाली आहे. पण एवढा मोठा दाखला मिळाल्यावर मी ते मनाला लावून घेणं सोडलं.

मी मुळात संस्कृतचा मास्तर. ही परदेशी हाकांची रास बघून मला वाटलं, आपल्या घरात काही आहे का बघू. अमरकोशात मांजराला पाच नावं दिली आहेत: ओतु, बिडाल, मार्जार, वृषदंशक, आखुभुक्. शेवटची दोन उंदीर खाण्यावरून. ती आमच्या मनीला लागू नाहीत. ती उंदराकडं शेजारच्या गल्लीतल्या ओळखीच्या माणसाकडं बघावं तशी बघते. मार्जार हे 'मृज्' या धातूवरून, म्हणजे पुसणं, स्वच्छ करणं. त्यातूनच मार्जन, त्यातूनच संमार्जनी म्हणजे केरसुणी. सतत स्वतःला चाटूनपुसून घेणारं ते मार्जार, आणि त्याचंच झिजून झिजून झालं मांजर. इथपर्यंत ठीक. पण माझा जीव त्या 'ओतु'वर. व्याकरणकारांनी या शब्दासाठी खास नियम सांगून ठेवलाय. स्थूल अधिक ओतु, म्हणजे लठ्ठ मांजर, याचा संधी 'स्थूलौतु' करा नाहीतर 'स्थूलोतु' करा, दोन्ही चालेल. कात्यायनासारख्या माणसानं लठ्ठ मांजरासाठी पाणिनीच्या सूत्राला पुरवणी जोडली! कुणाच्या तरी मांडीवर ते बसलेलं असणार, त्याशिवाय असलं उदाहरण सुचत नाही.

'ओतु'चं संबोधन 'ओतो'. एके दिवशी दुपारी मी पाटाजवळ वाटी ठेवून शुद्ध उच्चारात हाक मारली, "ओतो!"

स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, "काय ओतू?"

"तसं नव्हे गं, ओतो!"

"अहो ओततो काय, तुम्ही बसून राहा, मी ओतते," असं म्हणत ती पातेलं घेऊन आली, दूध वाटीत पडलं, आणि मनी माडीवरून चार पायऱ्यांत खाली. संस्कृत ही जिवंत भाषा नाही असं म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग आवर्जून सांगतो. शेवटचा भाग गाळून.

आता 'ओतते' हे मी लेखात लिहिलं. सौ. प्रत्यक्षात 'ओततो' असंच म्हणाली. कोल्हापूरच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि सगळा महाराष्ट्र त्यावर हसतो. आमच्या घरी यावरून एक वादही झालेला आहे. मांजराच्या वतीनं बोलायची घरोघरी पद्धत असते. आपणच विचारायचं, 'भूक लागली काय गं?' आणि आपणच बारीक आवाजात तिचं उत्तर द्यायचं. सौ. मनीच्या वतीनं म्हणाली, "आलो आलो, धीर धर की." आमची पुण्याची पाहुणी म्हणाली, "वहिनी, मांजरी आहे ना ती, मग 'आले' म्हणेल." सौ. म्हणाली, "आमची मांजरी हाय ती. आलोच म्हणणार." मला दोघींच्याही पुढचा प्रश्न पडला होता. मराठीत मांजर नपुंसकलिंगी. ते मांजर. पण अंगणात असेपर्यंतच ते 'ते' असतं. मांडीवर चढलं की 'ती' होते. ताटातला बांगडा पळवला की पुन्हा 'ते'. व्याकरणात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही, आणि मी व्याकरण शिकवलेलं आहे.

मुलांचा शब्द 'माऊ'. त्याची मात्र कमाल आहे. चिनी भाषेत मांजराला 'माओ' म्हणतात, थायलंडमध्ये 'मेओ', आणि इजिप्तमध्ये पिरॅमिडांच्या दुनियेत मांजराचा शब्द 'मिऊ' असा काहीसा होता. म्हणजे शिवाजी पेठेतलं दीड वर्षाचं पोर उचलून तीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या नाईलकाठी ठेवलं, तर त्याला पाणी मागता येणार नाही, आई मागता येणार नाही, पण मांजर दाखवून माणसांशी बोलता येईल. माणसानं स्वतःच्या भाषा हजार केल्या, मांजराला विचारलं तुझं नाव काय, आणि त्यानं सगळीकडं एकच सांगितलं.

बाकी त्या हाकांत 'स' आणि 'श' इतके का, याचं कारण मला मांजराच्या कानात सापडलं. माणसाला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराचा कान ६० हजारांच्याही पलीकडं जातो. उंदराची पिल्लं आपल्याला न ऐकू येणाऱ्या बारीक आवाजात चिरचिरतात, ती त्याला स्वच्छ ऐकू येतात. आपल्या तोंडातून निघणाऱ्या आवाजांत सर्वांत वरची पट्टी 'स', 'श' यांची, वाळक्या पाल्यात काहीतरी सरकल्यासारखी. म्हणजे जगभरची माणसं 'पिस् पिस्' करून मांजराला बहुधा उंदराचीच आशा दाखवत आली आहेत. रशियन असो, तुर्की असो, फसवणुकीचा मजकूर एकच.

मनी फसली नाही. सगळे रेकॉर्ड मी तिला ओळीनं ऐकवले. ती खुंटीखालच्या पोत्यावर बसून ऐकत होती. ऐकत होती हे मी ठामपणे सांगतो, कारण दर देशाला तिचा एकेक कान वळायचा. अंग हललं नाही. शेपटीचं टोक फक्त हंगेरीला हललं.

पुढं मुलानंच मला सांगितलं की यावर जपानात रीतसर संशोधन झालंय. अत्सुको साइतो नावाच्या बाईंनी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २० मांजरांना अनोळखी माणसांचे आणि मालकाचे आवाज ऐकवले. मालकाचा आवाज मांजरांना ओळखू आला. डोकं वळलं, कान हलले. उठून मात्र कुणी आलं नाही. म्हणजे हजेरीला त्यांनी मनातल्या मनात 'हजर' म्हटलं. असे विद्यार्थी मीही पाहिलेत. नंतर २०१९ साली, म्हणजे आमच्या पुराच्याच वर्षी, त्याच बाईंनी दाखवलं की मांजराला स्वतःचं नावही कळतं. ७८ मांजरं. पद्धत मोठी साधी. नावाएवढ्याच लांबीचे, त्याच ठेक्याचे चार दुसरे शब्द एकामागं एक ऐकवायचे. पहिल्याला मांजर कान देतं, दुसऱ्याला कमी, चौथ्यापर्यंत कंटाळतं. मग पाचवं नाव. तिथं कान पुन्हा उभे राहिले तर समजायचं, नाव कळलं. मी ही पद्धत वहीत उतरवून ठेवली.

दरम्यान सौ.कडं तिची हाक होती. कात्री. सकाळी गोकुळची पिशवी कापताना जो 'कर्रक्' होतो, त्याला मनी शेजारच्या पत्र्यावरूनही येते. एकदा मी त्याच कात्रीनं पेपरातलं कात्रण कापलं तर आली, आणि वाटीत मजकूर बघून माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरलेलो नाही. गुरांच्या डॉक्टरनं सांगितलं, मोठ्या मांजराला दूध पचत नाही बऱ्याचदा, देऊ नका. डॉक्टर बरोबर आहे, शास्त्र तसंच आहे. पण कोल्हापुरात, जिथं १९६३ पासून जिल्ह्याचा संसार दुधाच्या संघावर चाललाय, जिथं गंगावेशीत संध्याकाळी म्हशी कट्ट्याला आणून गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून देतात, तिथं 'दूध पचत नाही' हे वाक्य माणसाच्या बाबतीतही चारचौघांत बोलायचं नसतं. सौ.नं तोड काढली. दूध चमचाभर, बाकी पाणी. कात्रीचा आवाज तेवढाच ठेवला.

या गावाला मांजरकुळाचा सराव तसा जुना. शाहू महाराजांच्या आणि त्यांच्यामागून राजाराम महाराजांच्या काळात इथं पाळलेल्या चित्त्यांकडून हरणांची शिकार व्हायची. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपरं चढवून त्याला गाडीतून माळावर न्यायचं, काळवीट दिसलं की टोपरं काढायचं. इथले चित्ते सरत आले तसे आफ्रिकेतून आणवले. त्यांना वाढवणारी, शिकवणारी माणसं ती चित्तेवान. मला सारखं त्या माणसांचं वाटतं. चित्त्याला वाघासारखी डरकाळी येत नाही. तो मांजरासारखा घुर्र घुर्र करतो, आणि बोलावताना तर पाखरासारखा चिवचिवतो. हरणामागं चौखूर गेलेलं, ताशी शंभर किलोमीटरच्या घरात पळणारं जनावर माळावर कुठंतरी शिकारीवर बसलंय, आणि चित्तेवान हातात मांसाची पळी घेऊन जपून पुढं पुढं चाललाय. तो त्याला काय म्हणत असेल? नुसत्या हाकेवर भरवसा ठेवत नसणार हे नक्की. पळी बरोबर होती ना. कात्रीचीच मोठी बहीण ती.

आणि एवढं करून, हाक मारतं कोण? मोठी झालेली मांजरं एकमेकांशी 'म्याँव' फारसं बोलतच नाहीत म्हणे. पिल्लं आईला म्हणतात, आणि नंतर जन्मभर मांजरं ते माणसासाठी राखून ठेवतात. म्हणजे 'म्याँव' हीच मांजरांच्या भाषेतली माणसाला बोलवायची हाक. ती आली की मी हातातलं सोडून उठतो. पहाटे साडेचारला उठतो. एकदा आंघोळ अर्धी टाकून उठलोय.

मग मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर ते घडलं. गल्लीत डोक्यावर पाटी घेऊन एक म्हातारी आली. "सुकाऽऽट... बोंबीऽऽल..." मनी पोत्यावर गाढ झोपलेली. तिनं डोळे उघडायच्या आधी उडी मारली. म्हातारी अजून चार घरं लांब, पाटी झाकलेली, वारा उलट्या बाजूचा. आणि ही दारात उभी, शेपटी ताठ. म्हातारी आली, पाटी उतरवली, मनीकडं बघून म्हणाली, "ह्ये कुनाचं ओ? वळखीचं वाटतंय." मी घाईनं विचारलं, कुठं बघितलं होतं? ती म्हणाली, "मांजरं काय, सगळी सारखीच." आणि मापानं सुकट मोजायला लागली.

मी रात्रभर विचार करत होतो. ती धावली ती मासळीला, हे कुणीही म्हणेल. पण बोंबलाच्या नुसत्या पिशवीला ती इतकी कधी धावली नव्हती. आणि काडी झालेल्या पोराला आपण काय म्हणतो? सुकट. ही आली तेव्हा हाडांची काडीच होती. पूर्वी कदाचित त्याहून. खालच्या भागात, पाण्यात गेलेल्या एखाद्या घरात, एखाद्या पोरानं...

सकाळी मी साइतोबाईंची वही काढली. मनी ओसरीवर एक पाय आभाळाकडं करून मांडी चाटत बसली होती. मार्जन. मी पाठमोरा बसलो, हजेरीचा सपाट आवाज लावला.

"कुलूप."

कान वळला.

"पापड."

कान अर्धा वळला.

"खडक."

काही नाही.

"तवंग."

काही नाही. चाटणं चालू.

मी थोडा थांबलो. मग त्याच आवाजात, त्याच ठेक्यात म्हणालो, "सुकट."

चाटणं थांबलं. पाय वरच्या वर राहिला. दोन्ही कान पुढं. ती माझ्याकडं बघत होती, आणि माझ्यामागं कुणी उभं आहे का असं आज बघत नव्हती.

आतून सौ.चा आवाज आला, "अहो, आज संकष्टी आहे. सकाळी सकाळी सुकटीचं नाव काय काढताय?"